एका माणसाचा संघ

वाचकहो, भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास काही शब्द फार फसवे वाटतात. 'स्टॉक कार' हा त्यांपैकीच एक. 'स्टॉक' म्हणजे साठा, हा आपला नेहमीचा अर्थ. तेव्हा ही गुदामात ठेवलेल्या मोटारींची काही शर्यत असावी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. वस्तुतः दुकानात विक्रीसाठी उभी असलेली आणि कोणाही गृहस्थाने पैसे मोजून घरी न्यावी अशी साधी मोटार, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः तिच्या दक्षिण भागात, अशा मोटारींच्या शर्यती फार लोकप्रिय झाल्या. त्यांस शिस्त लावण्यासाठी १९४८ साली 'नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग' ही संस्था स्थापन झाली. तिच्या आद्याक्षरांवरून बनलेले 'नॅसकार' हे नाव आपणांपैकी अनेकांच्या कानावरून गेले असेल. पुढे वेग वाढला, अपघात वाढले आणि मोटारींचे अंतरंग पार पालटले. बाहेरून त्या दुकानातल्या मोटारीसारख्या दिसत राहिल्या. आत मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि कसबी कारागिरांनी हाताने जुळविलेले इंजिन आले. नाव तेवढे जुनेच राहिले.

अशी मोटार धावडविणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. सांगाडा बांधणारे, इंजिन घडविणारे, शर्यतीच्या मध्यावर काही सेकंदांत चाके बदलून इंधन भरणारे, या सर्वांवर देखरेख करणारा पथकप्रमुख, आणि शेवटी चक्राशी बसणारा चालक, असा मोठा परिवार त्यामागे लागतो. या परिवाराचा खर्च बक्षिसांतून भागत नाही. म्हणून कोणी तरी व्यापारी कंपनी पुरस्कर्ती म्हणून पुढे येते, पैसे देते आणि मोबदल्यात मोटारीच्या अंगावर आपले नाव रंगवून घेते. पुरस्कर्ता गेला की चूल विझली, असा हा संसार आहे.

या संसारात अगदी लहान घर थाटून, सात वर्षांत अमेरिकेतील सर्वोच्च अजिंक्यपद मिळविणाऱ्या आणि त्यानंतर काही वर्षांतच निस्तेज झालेल्या एका संघाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. मोटारींच्या शर्यतीत ज्यांस गोडी नाही अशा वाचकांनीही ती वाचावी, अशी विनंती आहे. कारण तिच्यातील प्रश्न शर्यतीच्या मैदानापुरता नाही.

या संघाचा संस्थापक ॲलन कुलविकी. त्याचा जन्म १४ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात, पोलिश वंशाच्या कुटुंबात झाला. वडील शर्यतीच्या मोटारींची इंजिने बांधीत. आई तो लहान असतानाच वारली. पुढे एकुलता एक भाऊही गेला. ॲलनने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी येथील शाखेतून १९७७ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्या काळी शर्यतीच्या धंद्यात पदवीधर माणूस विरळा. बहुतेक चालक दक्षिणेकडचे. बापाच्या नाहीतर चुलत्याच्या गॅरेजात हात काळे करीत शिकलेले. यंत्राची नाडी त्यांस हाताला कळे. कुलविकीस ती कागदावरच्या आकड्यांतूनही कळे. हातात कागदपत्रांची पेटी घेऊन शर्यतीच्या मैदानावर येणारा हा उत्तरेकडचा अबोल तरुण पाहून जुन्या मंडळींस प्रथम हसूच आले असल्यास ते समजण्यासारखे आहे.

१९८५ साली त्याने आपल्याजवळचे बहुतेक किडूकमिडूक विकले आणि शर्यतीच्या धंद्याचे माहेरघर असलेल्या उत्तर कॅरोलायनातील शार्लट शहराची वाट धरली. निघण्याच्या दोन दिवस आधी विजेच्या बिघाडाने आग लागून त्याचा ट्रक जळाला. सामान ओढून नेण्यासाठी दुसऱ्याचा ट्रक मागून आणावा लागला. त्या वर्षी दुसऱ्या एका मालकाच्या मोटारीतून त्याने पाच शर्यती केल्या. त्या मालकाने अंग काढून घेतले तेव्हा कुलविकीने तो संघच विकत घेतला. १९८६ साली या संघाजवळ काय होते? एक मोटार, दोन इंजिने आणि दोन पूर्णवेळ मदतनीस. मालक तोच, चालक तोच आणि आरंभी पथकप्रमुखाचे कामही त्याच्याकडेच. एवढ्या भांडवलावर त्याने त्या वर्षीच्या उत्कृष्ट नवोदित चालकाचा मान मिळविला.

त्याचा पहिला विजय ६ नोव्हेंबर १९८८ रोजी ॲरिझोना राज्यातील फीनिक्स येथे झाला. त्या दिवशी त्याने जे केले ते अमेरिकेतील शर्यतींचे रसिक अद्याप विसरलेले नाहीत. शर्यत संपताच त्याने मोटार वळविली आणि मैदानाला उलट दिशेने एक फेरी घातली. यात लहरीपणा नव्हता. अमेरिकेत चालकाची जागा डाव्या बाजूस असते आणि या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळे चालकाची खिडकी मैदानाच्या आतल्या बाजूस येते आणि प्रेक्षकांच्या वाट्यास मोटारीची दुसरी बाजू येते. उलट फेरी घातली की खिडकी थेट प्रेक्षकांसमोर, आणि त्यांस हात हलवून अभिवादन करता येते. साधीच गोष्ट, पण तोवर ती कोणी केली नव्हती. आपल्या वंशाची आठवण ठेवून तो तिला 'पोलिश विजयफेरी' म्हणे.

आता या हकीकतीतील कसोटीचा प्रसंग येतो. ज्युनिअर जॉन्सन हे त्या काळचे एक मातबर संघमालक. १९९० च्या हंगामासाठी त्यांनी कुलविकीस आपल्या मोटारीचा चालक होण्याविषयी विचारले. कारखाना त्यांचा, माणसे त्यांची, चिंता त्यांची. याने फक्त चक्राशी बसावयाचे. कुलविकीने नकार दिला. पुढच्या हंगामासाठी पुन्हा विचारणा झाली, दहा लक्ष डॉलर देऊ केले, पुन्हा नकार. या वेळी नकाराची किंमत लगेच मोजावी लागली. जुना पुरस्कर्ता निघून गेलेला. आणि ज्या कॉफीच्या कंपनीच्या आधाराची त्याला आशा होती तिनेही जॉन्सन यांच्याच मोटारीवर आपले नाव घातले.

१९९१ चा हंगाम असा रित्या हातांनी सुरू झाला. पहिल्या मोठ्या शर्यतीपुरता सैन्यदलाच्या नावाचा आधार मिळाला. पुढे मार्च महिन्यात अटलांटा येथे तो कोऱ्या मोटारीनिशी उतरला. अंगावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आणि याच कोऱ्या मोटारीने पात्रता-फेरीत सर्वांत जलद वेळ नोंदविली. योगायोग असा की, 'हूटर्स' नावाच्या उपाहारगृहांच्या कंपनीने ज्या मोटारीस पैसे दिले होते ती मोटार त्या शर्यतीस पात्रच ठरली नाही. पैसे देणारा होता, त्याला मोटार नव्हती; मोटार होती, तिला पैसे देणारा नव्हता. दोघांची गाठ पडली आणि संघाची चूल पुन्हा पेटली. याला कोणी नशीब म्हणेल. पण सर्वांत पुढे उभी असलेली मोटार त्या दिवशी तेथे नसती तर नशिबाने कोणाचा दरवाजा ठोठावला असता, हेही विचारावयास हवे.

१९९२ चे वर्ष उजाडले. एप्रिलमध्ये ब्रिस्टल आणि जूनमध्ये पोकोनो येथे कुलविकी विजयी झाला. परंतु सप्टेंबरात डोव्हर येथे अपघात झाला, आणि सहा शर्यती उरल्या असता तो आघाडीच्या चालकाहून २७८ गुणांनी मागे पडला. ही दरी भरून निघण्यासारखी नव्हती, असेच जाणत्यांचे मत होते. तथापि पुढचे चालक एकामागून एक अडखळत गेले, आणि कुलविकी मात्र मोठे पराक्रम न करता, पण मोठ्या चुकाही न करता, शर्यतीमागून शर्यत वरचा क्रमांक राखीत राहिला.

१५ नोव्हेंबर १९९२ रोजी अटलांटा येथे हंगामाची अखेरची शर्यत झाली. सहा चालकांस अजिंक्यपदाची आशा होती. डेव्ही ॲलिसन आघाडीवर. त्याच्या मागे ३० गुणांनी कुलविकी. ४० गुणांनी बिल इलियट. हा इलियट ज्युनिअर जॉन्सन यांच्या संघाचा चालक, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. ज्या घरी कुलविकीने जाण्याचे नाकारले, त्याच घराशी आता त्याची अखेरची गाठ होती. त्याची मोटार फोर्ड कंपनीची 'थंडरबर्ड'. संघाने नाकावरील नावाची पहिली दोन रोमन अक्षरे काढून टाकली आणि 'थंडरबर्ड' चे 'अंडरबर्ड' केले. ज्याच्या विजयाची कोणालाच आशा नसते अशा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यास इंग्रजीत 'अंडरडॉग' म्हणतात. त्यावरची ही कोटी. आपण लहान आहोत हे त्यांनी लपविले नाही. ते नाकावर मिरविले.

शर्यतीच्या उत्तरार्धात ॲलिसन दुसऱ्या एका मोटारीच्या अपघातात सापडला आणि त्याची आशा संपली. उरले कुलविकी आणि इलियट. येथून पुढची कथा वेगाची नसून अंकगणिताची आहे. त्या वेळच्या नियमांप्रमाणे पहिल्या क्रमांकास १७५ आणि दुसऱ्यास १७० गुण मिळत. जो चालक एक तरी फेरी आघाडीवर राहून पुरी करी त्याला ५ गुण अधिक. आणि जो सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राही त्याला आणखी ५. शर्यत ३२८ फेऱ्यांची. कुलविकीच्या मोटारीचा पहिला गिअर आरंभीच निकामी झाला होता, म्हणजे इंधन भरून निघताना प्रत्येक वेळी मोलाचे सेकंद जावयाचे. पथकप्रमुख पॉल अँड्र्यूज आणि त्याचे सहकारी कागदावर फेऱ्या मोजीत होते. अखेरच्या इंधनभरणीस कुलविकी लगेच आला नाही. आघाडीवरील फेऱ्यांचा आकडा इलियटास गाठता येणार नाही इतका होईपर्यंत तो धावत राहिला, मग आत आला, थोडेच इंधन घेऊन निघाला, आणि ते शेवटपर्यंत पुरेल की नाही या धास्तीत दुसऱ्या क्रमांकावर जपून चालवीत राहिला.

इलियट शर्यत जिंकला. कुलविकी दुसरा आला. आघाडीवरील फेऱ्या : कुलविकी १०३, इलियट १०२. त्यामुळे दोघांच्याही पदरी त्या दिवसाचे १८० गुण पडले आणि आधीचे १० गुणांचे अंतर जसेच्या तसे राहिले. एकूण ४०७८ विरुद्ध ४०६८. यांतली एकच फेरी इकडची तिकडे झाली असती तर दोघांचे गुण समसमान ४०७३ झाले असते. आणि समान गुण असता अधिक शर्यती जिंकणारा श्रेष्ठ, या नियमाने पाच विजय असलेला इलियट दोन विजय असलेल्या कुलविकीच्या पुढे गेला असता. एका फेरीने एका माणसाच्या सात वर्षांच्या हट्टाचे सार्थक केले. त्या घटकेस दूरचित्रवाणीचे छायाचित्रकार मोटारीभोवती खोळंबून होते, आणि हा गृहस्थ आत बसून शांतपणे केसांवरून कंगवा फिरवीत होता, असे सांगतात. सगळे जिथल्या तिथे असल्यावाचून बाहेर यावयाचे नाही, हा त्याचा स्वभावच होता.

शर्यतीच्या या सर्वोच्च श्रेणीचे अजिंक्यपद मिळविणारा तो पहिला महाविद्यालयीन पदवीधर होय.

यानंतर पाच महिनेही गेले नाहीत. १ एप्रिल १९९३ रोजी पुरस्कर्त्यांच्या एका समारंभाहून ब्रिस्टलच्या शर्यतीस जात असता, टेनेसी राज्यात विमानतळाजवळ त्याचे लहान विमान कोसळले आणि आतील चौघेही मरण पावले. कुलविकी त्या वेळी अडतीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या संघाच्या मालमोटारीने ब्रिस्टलच्या मैदानावर संथपणे फेऱ्या घातल्या आणि ती शर्यतीत भाग न घेता परत गेली. ती शर्यत जिंकणाऱ्या रस्टी वॉलेसने उलट दिशेने विजयफेरी घातली. त्याच वर्षीच्या जुलैत डेव्ही ॲलिसनही हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. अटलांटा येथे अजिंक्यपदासाठी झुंजलेल्या तिघांपैकी दोघे वर्षाच्या आत नाहीसे झाले.

येथे बहुतेक चरित्रे संपतात. आपली हकीकत मात्र संघाची आहे, म्हणून पुढे जावयास हवे.

माणूस गेला, पण संघ जागच्या जागी होता. मोटारी होत्या, इंजिने होती, पथकप्रमुख होता, शिकलेले कारागीर होते. काही महिने इतर चालकांनी मोटार चालविली. त्याच वर्षी जेफ बोडाइन या अनुभवी चालकाने संघ विकत घेतला. १९९४ साली त्याने तीन शर्यती जिंकल्या. कुलविकीच्या संपूर्ण कारकिर्दीत, २०७ शर्यतींत, विजय पाचच. तेव्हा एका हंगामातील तीन विजय म्हणजे संघ मेला नव्हता याचा पुरावाच. पण १९९५ कोरडे गेले. १९९६ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे एक विजय मिळाला, आणि तो अखेरचा ठरला. दशक संपण्यापूर्वी बोडाइननेही संघ विकला. पुढे मालक बदलले, नावे बदलली, आणि अजिंक्यपद मिळविणारा तो लहानसा संघ ओळखू येईनासा झाला.

हे असे का झाले? दोन कारणे दिसतात, आणि प्रामाणिकपणे दोन्ही सांगावयास हवीत.

पहिले कारण काळाचे. एक मालक एकाच कारखान्यात तीन-तीन मोटारी बांधू लागला. एका मोटारीवर शिकलेला धडा दुसऱ्या दोन मोटारींस फुकट मिळू लागला. १९९५ पासून १९९८ पर्यंतची चारही अजिंक्यपदे रिक हेंड्रिक यांच्या अशाच एका मोठ्या संघाने मिळविली. कुलविकीचे यश पाहून, किंवा त्याच ओढीने, त्या दशकात अनेक नामांकित चालकांनी स्वतःचे संघ काढले. रिकी रड काही वर्षे जिंकला, पण १९९९ नंतर थांबला. खुद्द बिल इलियटने १९९५ पासून २००० पर्यंत स्वतःचा संघ चालविला. एकही विजय नाही. ज्युनिअर जॉन्सन यांनी १९९५ अखेर धंदा सोडला तेव्हा त्यांचा संघ जेफ बोडाइनचा भाऊ ब्रेट याने घेतला. त्यालाही स्वतःच्या मालकीत एकही शर्यत जिंकता आली नाही. मालक आणि चालक एकच असलेला अजिंक्यवीर पुन्हा दिसला तो २०११ साली, टोनी स्टुअर्टच्या रूपाने. आणि त्याची इंजिने व सांगाडे हेंड्रिक यांच्याच कारखान्यातून येत. म्हणजे कुलविकी जगता तरी त्याला दुसरे अजिंक्यपद मिळालेच असते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

दुसरे कारण मात्र काळाच्या माथी मारता येत नाही. कुलविकीचे बळ कशात होते? सांगाड्याचा प्रत्येक कोन, इंजिनाचा प्रत्येक आकडा आणि खर्चाचा प्रत्येक डॉलर एकाच डोक्यातून जाई. निर्णयास विलंब नाही, मतभेदास जागा नाही. दहा लक्ष डॉलर नाकारण्याचे सामर्थ्य त्याला येथूनच मिळाले. परंतु ज्या बळावर संघ उभा राहिला तेच त्याचे एकमेव आधारस्तंभ. सहकाऱ्यांस त्याने कामे शिकविली, आणि ती उत्तम शिकविली. अटलांटा येथील फेऱ्यांचा हिशेब सहकाऱ्यांनीच केला. मात्र अमुक गोष्ट अशीच का, हे ठरविण्याची जागा शेवटपर्यंत एकाच माणसाची राहिली. विक्रीच्या कागदावर मोटारींची आणि इंजिनांची नोंद होते. त्या जागेची होत नाही.

वाचकहो, यावरून 'सर्व काही स्वतः करू नये' असा सोपा उपदेश आपणांस करावयाचा नाही. लहान संस्थेत आरंभी कोणी तरी एकाने सर्व काही करावेच लागते. नाहीतर ती जन्मासच येत नाही. जॉन्सन यांचा देकार स्वीकारून कुलविकी अधिक सुखात राहिला असता, पण मग सांगण्यासारखे काही घडलेही नसते. प्रश्न नंतरचा आहे. संस्था उभी राहिल्यावर, चांगले दिवस आल्यावर, डोक्यातले किती दुसऱ्याच्या डोक्यात उतरले? कुलविकीस त्यासाठी पाचच महिने मिळाले. आपणांपैकी अनेकांस वीस-पंचवीस वर्षे मिळतात, आणि तरीही ते काम राहून जाते.

प्रत्येक घरात एक कुलविकी असतो. जमिनीचे कागद कोणत्या पेटीत आहेत, विम्याचा हप्ता केव्हा भरावयाचा, बँकेतील खाते कोणाच्या नावे आहे, औषध कोणते चालते आणि कोणते बाधते, लोणच्यास मीठ किती, हे एकाच व्यक्तीस ठाऊक असते. घर तिच्यावर चालते, आणि चालते तोवर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

२०१५ साली कुलविकीच्या कुटुंबीयांनी त्याच्या नावाने एक योजना सुरू केली. स्थानिक मैदानांवर धावणाऱ्या तरुण, होतकरू चालकांस ती साहाय्य करते. २०१९ साली तो नॅसकारच्या मानकऱ्यांच्या दालनात दाखल झाला. त्याच तुकडीत डेव्ही ॲलिसनचाही समावेश होता. दालनातील मान मोठा खरा. पण आम्हांस ती योजना अधिक मोलाची वाटते. एका डोक्यात जे होते ते अनेकांच्या हाती देण्याचे राहिलेले काम, उशिरा का होईना, कोणी तरी सुरू केले आहे.

आपल्या घरी हे काम सुरू करण्यास मोठी योजना लागत नाही. आज रात्री जेवणे आटोपल्यावर एक कोरी वही घ्यावी, घरातील जाणत्या व्यक्तीस शेजारी बसवावे, आणि पहिल्या पानावर पहिला प्रश्न लिहावा. उत्तर मात्र धाकट्या मुलाकडून लिहवून घ्यावे.